कायद्यात मीटर आणि सेकंद लिहा

ताशी 30 किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीसमोर 14 मीटरवर कुणी आडवं आलं, तर मोटार त्याच्या अलीकडे थांबते. तीच मोटार 50 च्या वेगात असेल, तर ती त्या माणसापर्यंत पोहोचते तेव्हा ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जेमतेम टेकलेला असतो. धडक पूर्ण वेगाने बसते.

हिशेब करून पाहा. माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात 30 च्या वेगाने मोटार 8.3 मीटर पुढे सरकते, 50 ने 13.9 मीटर. त्यानंतर कोरड्या डांबरावर कचकचून ब्रेक लावले, तर आणखी अनुक्रमे 5 आणि 14 मीटर लागतात. पावसात टायरची पकड निम्म्यावर आली की एकूण अंतर 18 आणि 41 मीटरवर जातं, आणि मुंबईचे रस्ते चार महिने ओलेच असतात.

शाळेसमोर, बाजारात, स्टेशनच्या बाहेर 30 ची मर्यादा हवी, ती यासाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार राज्य सरकार ठरावीक रस्त्यांवर वेगमर्यादा कमी करू शकतं. 2019 च्या दुरुस्तीत कलम 138 मध्ये पोटकलम (1अ) आलं. पादचारी आणि सायकलींसारखी बिनइंजिनाची वाहनं यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार त्यानं राज्यांना दिला. कलम 210 डी रस्त्यांच्या रचनेच्या निकषांबद्दल आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 138 (1अ) आणि 210 डी या दोन्ही कलमांखालचे नियम सहा महिन्यांत करा, असं राज्यांना बजावलं.

नियम कसे लिहिले जातात यावर सगळं अवलंबून आहे. 'पुरेशी रुंदी', 'शक्यतो', 'आवश्यकतेनुसार' असे शब्द आले की नियम मेलाच. त्याचा भंग झाला हे सिद्धच करता येत नाही.

सिग्नलचं घ्या. सहा लेनचा रस्ता म्हणजे 21 मीटर. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून हिरवा दिवा लावला, तर 18 सेकंद पुरतात. काठी टेकत चालणाऱ्या आजींचा वेग 0.8 मीटर असतो. दिवा लाल होतो तेव्हा त्या पाचव्या लेनमध्ये असतात आणि समोरच्या दुचाक्या सुटायच्या तयारीत. त्यांना 27 सेकंद लागतात. तेव्हा नियमात 0.8 हाच आकडा हवा, रस्त्याच्या मधोमध पादचाऱ्यांना उभं राहायला दोन मीटर रुंदीची जागा हवी, आणि वळणाऱ्या गाड्यांच्या आधी चालणाऱ्यांना चार-पाच सेकंद मिळायला हवेत. डावीकडे वळणाऱ्या डंपरची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून, कोपरा कापत जातात. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस नेमका तिथेच सापडतो.

फुटपाथसाठी, रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर उंची सांगितली आहे. मोजायची ती मोकळीच रुंदी. दोन मीटरच्या फुटपाथवर विजेचा फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेची वीजपेटी, 60 सेंटिमीटर खातो, त्याला टेकून मोटारसायकल लागली की उरतं ते आडवं होऊन जाण्यापुरतं. दुसरा घोळ सोसायट्यांच्या गेटांचा. प्रत्येक गेटापाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. गुडघे दुखणारी माणसं कंटाळून रस्त्यावरून चालतात आणि मग त्यांनाच बेशिस्त म्हटलं जातं. फुटपाथ सपाटच राहावा, उतारावरून चढायचं ते गाडीने.

सायकलवाल्यांचं गणित तर कुणी मांडतच नाही. मुंबईत सायकल म्हणजे डबेवाला, पाववाला, दूधवाला. उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं तर लागू नये म्हणून त्याला मीटरभर अंतर सोडावं लागतं. त्याच्या हँडलचे आणि डुलण्याचे 75 सेंटिमीटर धरा. ओव्हरटेक करणाऱ्याने दीड मीटर सोडायचा; जर्मनीत 2020 पासून शहरातल्या रस्त्यांवर तेवढं बंधनकारक आहे. बेरीज सव्वातीन मीटर होते, म्हणजे जवळपास अख्खी लेन. त्यामुळे 'लेन बदलूनच सायकलला ओलांडावे' असं सरळ लिहिलेलं बरं. पोलिसालाही ते डोळ्यांनी दिसतं, टेप लावावी लागत नाही. वेगळा ट्रॅक करायचा तर नुसता रंग मारून भागत नाही, मध्ये कठडा लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकल ट्रॅकवर गाड्या उभ्या राहिल्या, हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

या कायद्याखालचे नियम आधी मसुदा म्हणून राजपत्रात प्रसिद्ध करावे लागतात आणि त्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तिथे 'पादचाऱ्यांचा विचार व्हावा' एवढंच लिहिलेलं पत्र फाइलला लागतं आणि संपतं. नियमाचा क्रमांक घाला, त्यातले खोडायचे शब्द आणि त्याऐवजी हवे असलेले शब्द लिहा, 'करू शकेल'च्या जागी 'करील' मागा, म्हणजे ते ऐच्छिक राहत नाही. सोबत आपल्या चौकाचं मोजमाप जोडा: रस्त्याची रुंदी, हिरव्या दिव्याचे सेकंद, दहा ज्येष्ठांना ओलांडायला लागलेला वेळ. सिग्नलच्या वेळा माहितीच्या अधिकारात मिळतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून एका अर्जात एकाच चौकाबद्दल विचारा. तोच कागद आमदारांना दिला, तर त्यावर विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावता येते.