पिशवीचे पैसे कोणी भरायचे? प्लास्टिकबंदीमागची जुनी भानगड

प्लास्टिकबंदी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना २०१८ आठवतं, पण महाराष्ट्रात हा विषय खरा पेटला तो २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर गुन्हेगारांची जी यादी निघाली तिच्यात तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्या अगदी वर होत्या. मिठी नदीचं पात्र आवळलेलं, कडेला भराव टाकलेले, त्यात भरती, हे सगळं होतंच, पण बिल्डरपेक्षा पिशवीला धरणं सोपं. २००६ साली राज्याने नियम केले आणि ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे जाडीचं माप, मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशवी बंद झाली. तेव्हा केंद्राची मर्यादा २० मायक्रॉनच होती, १९९९ पासूनची.

त्याच्या आधीचं फार सांगत बसत नाही. वर्तमानपत्राची पुडी, वर दोरा, तेलाला घरचा डबा, जुन्या पॅन्टच्या कापडाची पिशवी आणि बोहारीण, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये. फक्त एक आठवण, ज्या वायरच्या पिशवीला आपण आज 'जुनं ते सोनं' म्हणतो ती पण प्लास्टिकचीच होती, टिकायची म्हणून तिला कोणी नावं ठेवली नाहीत.

मायक्रॉन वाढवण्यामागे लॉजिक सरळ आहे. पातळ पिशवीला वजन नाही, वजन नाही म्हणून भंगारात भाव नाही, भाव नाही म्हणून कचरा वेचणाऱ्या बाया ती उचलत नाहीत. जाड केली की बनवायचा खर्च वाढतो, मग दुकानदार ती फुकट वाटणार नाही. म्हणजे मुद्दा पहिल्यापासून पैशाचाच होता, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला, कारण पैसे कोणी भरायचे आणि ते कोणाच्या खिशात जाणार हे आपण कधी नीट ठरवलंच नाही.

आयर्लंडने २००२ मध्ये काय केलं बघा. पिशवीमागे १५ सेंट कर, आणि तो दुकानदाराचा नाही, सरकारच्या पर्यावरण निधीत जमा. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या वापरल्या जायच्या त्या २१ वर आल्या. आपल्याकडे केंद्राने २०११ च्या नियमांत मर्यादा ४० मायक्रॉन केली आणि दुकानदाराने पिशवी फुकट द्यायची नाही असं पण लिहिलं. छान वाटतं ऐकायला, पण ते पैसे दुकानदाराच्या गल्ल्यातच राहत होते. २०१६ ला मर्यादा ५० झाली आणि जरा डोकं लावलेलं कलम आलं, ज्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला प्लास्टिकची पिशवी द्यायचीये त्याने पालिकेकडे नोंदणी करायची आणि महिन्याला किमान ४,००० रुपये भरायचे, त्यातून कचऱ्याची व्यवस्था. आता मॉलला ४,००० म्हणजे काहीच नाही आणि कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या मावशींना ४,००० म्हणजे धंदा बंद, दोघांना एकच रेट लावायची आयडिया कोणाची होती देव जाणे. मार्च २०१८ मध्ये केंद्राने ते अख्खं कलमच काढून टाकलं. किंमत लावायची सक्ती गेली, पण किंमत लावायची सवय मोठ्या दुकानांना लागली ती लागलीच, आणि ती आता कागदी आणि कापडी पिशव्यांवर सरकली. पर्यावरणाच्या नावाने पिशवी विकायची, वर तिच्यावर आपलीच जाहिरात छापायची.

यावर लोक ग्राहक मंचात गेले. सगळ्यात गाजलेली केस चंदीगडची, २०१९ ची. एका गिऱ्हाइकाने ३९९ चे बूट घेतले, बिल आलं ४०२, वरचे ३ रुपये कागदी पिशवीचे आणि पिशवीवर कंपनीचं नाव. मंचाने कंपनीला एकूण ९,००० रुपये भरायला लावले आणि वर सुनावलं की पर्यावरणाची एवढी काळजी आहे तर पिशवी फुकट द्यायची होती. टाळ्या पडल्या, पडायलाच हव्या होत्या. पण नीट बघितलं तर आयर्लंडच्या बरोबर उलटी दिशा आहे ही, तिकडे फुकट मिळत नाही म्हणून लोक घरून पिशवी न्यायला लागले आणि इकडे फुकट पिशवी हा हक्क ठरला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगात जरा मधला रस्ता निघाला, पिशवीचे पैसे लागणार असतील तर ते गिऱ्हाइकाला खरेदीच्या आधी कळलं पाहिजे, आयत्या वेळी काउंटरवर नाही. घरची पिशवी गेटवरच अडवायची आणि आत स्वतःची विकायची, हा प्रकार मला पण चीड आणतो, त्यामुळे हे योग्यच झालं.

आता २०१८. २३ मार्चला राज्याच्या प्लास्टिकबंदीची अधिसूचना, २३ जूनपासून दंड, पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने तुरुंग. आठवडाभरात किराणावाल्यांना पॅकिंगसाठी सवलत मिळाली, थर्माकोलच्या मखरवाल्यांना मात्र नाही. दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत, बाटलीमागे रुपया-दोन रुपये परत असं पण ठरलेलं, तुम्हाला कधी मिळाले असतील तर सांगा. भाजीवाले पातळ पिशव्या गाडीवरच्या गोणपाटाखाली ठेवायला लागले, मागितली की हात आत जातो आणि बाहेर येतो, आजही.

याच काळात ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी सगळीकडे झाली. ती पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच, आणि राज्याच्या बंदीत ती होती सुद्धा, तरी लोक 'इको फ्रेंडली' समजून दहा रुपये देऊन घेत होते. २०२१ ला केंद्राने तिला किमान ६० जीएसएमची (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची) अट घातली, २०२२ च्या अखेरीस राज्यानेही ६० जीएसएमच्या वरची चालेल म्हटलं. त्याच वर्षी १ जुलैपासून स्ट्रॉ, काटे-चमचे वगैरे देशभर बंद झाले आणि ३१ डिसेंबरपासून साध्या कॅरीबॅगची मर्यादा १२० मायक्रॉन झाली.

राहिली सुती पिशवी. डेन्मार्कमधला २०१८ चा एक सरकारी अभ्यास सारखा फॉरवर्ड होतो, की सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी. तो आकडा पर्यावरणाचे सगळे निकष एकत्र धरून आहे, फक्त हवामान बदलाचा निकष घेतला तर त्याच अभ्यासात ५२ वेळा पुरतात, म्हणजे आठवड्याचा एक बाजार धरला तर वर्षभर. शिवाय उघड्यावर पडलेली पिशवी, तुंबलेला नाला, हे त्या हिशोबात धरलेलंच नाही, आणि आपल्याकडे तर सगळं सुरू झालं तेच नाल्यावरून. हा हिशोब नव्या कापडाच्या पिशवीचा आहे, प्रदर्शनात फुकट वाटतात तसल्या. आईने जुन्या साडीची शिवलेली असेल तर त्यातला कापूस पिशवीसाठी पिकवलेलाच नाही, तिला तो लागू होत नाही.