अर्जुन रणगाड्याचं वजन वाढत कसं गेलं

चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात १९६०च्या दशकात व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीच्या आराखड्यावर ‘विजयंता’ रणगाडा बनू लागला. पुढचा रणगाडा आपल्याच आराखड्याचा हवा, म्हणून १९७४ साली अर्जुनच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. कागदावर तो होता ४० टनांच्या आसपास, १०५ मिमी तोफेचा. पहिली उत्पादन-आवृत्ती भरली ५८.५ टन आणि आजची मार्क-१ए ६८ टन. उशिराचं खापर सरकारी ढिलाईवर फोडून मोकळं होता येतं, पण खरं दुखणं वजनाच्या हिशेबात सापडतं.

शत्रूचं चिलखत जाड होत गेलं तशी लष्कराची मागणी १२० मिमीवर गेली. ही तोफ पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडवली आणि नळी आटेदार (आतून गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचांची) ठेवली, कारण लष्कराला ‘हेश’ गोळा हवा होता. त्यातली मऊ स्फोटकं चिलखतावर थापली जातात आणि मग फुटतात. धक्क्याने आतल्या बाजूचे पोलादी तुकडे उडतात. या गोळ्याला फिरकी मानवते. चिलखत भेदणाऱ्या बाणासारख्या गोळ्याचं उलट आहे, तो पंखांवर स्थिर राहतो. म्हणून त्याच्या आवरणावर घसरतं कडं बसवावं लागतं, म्हणजे आट्यांची फिरकी बाणापर्यंत फारशी पोचत नाही. शिवाय लष्कराकडच्या टी-७२, टी-९० या रशियन रणगाड्यांचा १२५ मिमी दारूगोळा इथे चालत नाही, हा रसदीचा कायमचा त्रास. गोळा हाताने भरायचा, त्यामुळे चौथा सैनिक आला. चौथ्या माणसाला उभं राहायला जागा हवी, म्हणजे बुरूज मोठा, आणि त्याच्याभोवती ‘कांचन’ हे देशी चिलखतही तेवढंच जास्त.

इंजिनाची गोष्ट आणखी रखडली. १५०० अश्वशक्तीच्या देशी, हवेने थंड होणाऱ्या इंजिनातून हवी ती ताकद निघेना. शेवटी जर्मन एमटीयूचं १४०० अश्वशक्तीचं इंजिन आणि रेंकचा गिअरबॉक्स आले. ५८.५ टनांना टनामागे जवळपास २४ अश्वशक्ती मिळत होती, ६८ टनांना साडेवीस. नवं देशी १५०० अश्वशक्तीचं इंजिन म्हैसूरला पहिल्यांदा चाचणीत सुरू झालं ते २० मार्च २०२४ला!

सस्पेन्शन मात्र मनापासून दाद देण्यासारखं. दर बाजूला सात चाकं, टॉर्शन बारऐवजी (पिळल्यावर स्प्रिंगसारखी वागणारी पोलादी दांडी) तेल आणि दाबलेल्या नायट्रोजनवर तोललेली. खडबडीत जमिनीवर भरधाव जातानाही तोफेला स्थिर बैठक मिळते. वाळवंटात सतत खाली-वर होऊन तेल तापतं, वायूचा दाब चढतो आणि सील गळायला लागतात; मग ते चाक आपला भार पेलत नाही. अशा गाड्याचं पहिलं निदान सीलपासूनच करावं.

२०००मध्ये १२४ रणगाड्यांची मागणी नोंदवली गेली; २००४पासून ते ४३व्या आर्मर्ड रेजिमेंटकडे येऊ लागले. मार्क-१एमध्ये कमांडरची रात्री पाहणारी दुर्बीण, स्फोटक-प्रतिक्रिया चिलखत (मारा बसताच बाहेरच्या बाजूला फुटून त्याचा जोर मोडणारं) आणि सुरुंग उखडणारा नांगर अशा ७२ सुधारणा आहेत. अशा ११८ गाड्यांची मागणी सप्टेंबर २०२१मध्ये गेली. इतक्या वजनाला सगळे पूल आणि रेल्वेच्या नेहमीच्या वाघिणी चालत नाहीत, म्हणून अर्जुनचं मुख्य ठाणं राजस्थानातच.

तोफेतून सोडायच्या क्षेपणास्त्राची चाचणी २२ सप्टेंबर २०२०ला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) के. के. रेंजवर झाली. लेझरच्या मार्गदर्शनाने त्याने ३ किमीवरचं लक्ष्य टिपलं. अडचण लांबच्या माऱ्याची नव्हती, जवळच्या माऱ्याची होती: नळीत मावेल एवढ्याच आकारात सगळं बसवायचं असल्याने जवळचं लक्ष्य साधणं कठीण होतं; २०२२च्या चाचणीत तेही साधलं.