मुंग्या जिभेला, सर्दी जागच्या जागी

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरली की होम मैदानावरची धूळ आणि पहाटेचा गारठा मिळून निम्म्या सोलापूरला शिंका आणतात. मग आल्याचा काढा, हळदीचं दूध, निलगिरीची वाफ. अलीकडे या यादीत एक परकं नाव शिरलंय: एकिनेशिया. होमिओपॅथीच्या दुकानात त्याचं मदर टिंक्चर पूर्वीपासून मिळतं. आता 'इम्युनिटी'च्या गोळ्यांवर आणि चहाच्या डब्यांवरही ते छापलेलं दिसतं.

हे झाड उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळांचं. फिकट जांभळ्या पाकळ्या आणि मधोमध काटेरी बोंड. तिथले मूळ रहिवासी याचं मूळ दातदुखीवर, घसादुखीवर चघळत. साप चावला तरी लावत. (सापाचं विसरा. रानात साप चावला तर थेट दवाखाना गाठायचा, विषावर उतारा तिथल्या इंजेक्शनातच आहे.)

मूळ चावलं की जीभ चुणचुणते आणि मग बधिर होते. आपला अक्कलकारा नेमकं हेच करतो, कारण दोन्हींत अल्कामाइड नावाची रसायनं आहेत. गंमत अशी की या मुंग्यांनाच आपण गुणाची खूण समजतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या प्रतिकारपेशींवर या अर्काचा परिणाम दिसतोही. पण बशीला सर्दी होत नाही.

माणसांवर काय दिसलं? अमेरिकेत स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून एकिनेशियाच्या मुळाचे अर्क दिले. 2005 साली निकाल छापून आला: 399 जणांत ना लागण कमी झाली, ना त्रास. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात 24 चाचण्या आणि 4,631 माणसं होती. सर्दी झाल्यावर घेऊन ठोस फायदा दिसला नाही. आधीपासून घेतल्यास थोडीफार कमी होत असावी, इतकाच अंदाज निघाला. गोंधळाचं एक कारण साधं आहे. औषधात तीन जाती वापरतात, कुणी मूळ घेतं, कुणी फुलोरा, कुणी ताजा रस, कुणी अल्कोहोलमधला अर्क. एका बाटलीची चाचणी दुसऱ्या बाटलीला लागू पडत नाही. होमिओपॅथीच्या 30 किंवा 200 पोटेन्सीत, म्हणजे पुन्हा पुन्हा पातळ केलेल्या औषधात, तर मूळ झाडाचा रेणूही सापडणं अशक्य. वर म्हटलेल्या मदर टिंक्चरमध्ये मात्र खरा अर्क असतो, आणि अल्कोहोलही.

आता अपायाचं. या झाडाचं गोत सोलापूरला चांगलं ठाऊक आहे: सूर्यफूल, झेंडू, शेवंती, ज्वारीच्या कडेने पेरलेली करडई. आणि याच कुळातलं गाजरगवत! ज्यांना गाजरगवताने अंगावर पित्तासारखं उठतं किंवा दम लागतो, त्यांनी एकिनेशियापासून चार हात लांब राहिलेलं बरं. 2003 साली 2 ते 11 वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीत सर्दी लवकर गेली नाहीच, उलट औषध घेतलेल्या 7.1 टक्के आजारपणांत पुरळ उठलं. नुसत्या गोड पाण्यावरच्या गटात 2.7 टक्के. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2012 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका असं सांगितलं, ते मला पटतं.

मोठ्यांनी थोडे दिवस घेतल्यास सहसा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. युरोपातल्या सूचनांत दहा दिवसांची मर्यादा आहे. पण क्षयरोग, एचआयव्ही, संधिवातासारखे प्रतिकारशक्ती उलटल्याचे आजार असतील, किंवा ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर नको. नेहमीची औषधं असणाऱ्यांनी डॉक्टरांना बाटली दाखवावी, कारण यकृतात काही औषधं मोडणाऱ्या विकरांवर (एन्झाइमवर) याचा परिणाम होतो. कॅफिनसुद्धा त्यातलंच: 2004 च्या एका छोट्या अभ्यासात ते शरीरातून सावकाश बाहेर पडताना दिसलं. म्हणजे सर्दीत आल्याचा चहा सहा-सहा कप पिऊन वर हे टिंक्चर घेणारा रात्री छताकडे बघत पडला, तर दोष नुसत्या चोंदलेल्या नाकाचा नसेल.