कुफरी ज्योती आणि कुफरी चिप्सोना : साल सारखी, गर वेगळा

पांढरट साल, लंबगोल आकार, उथळ डोळे आणि नावाआधी लागलेले ‘कुफरी’ एवढे साम्य असल्यामुळे ज्योती आणि चिप्सोना हे बटाटे नुसत्या नजरेने वेगळे ओळखणे अवघड जाते. कुफरी हे सिमल्याजवळचे ठिकाण असून केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांना त्याचे नाव देण्याचा प्रघात आहे. ज्योती १९६८ मध्ये आला आणि घराघरांतल्या भाजीत रुळला. चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ मात्र १९९८ मध्ये प्रसारित झाले ते वेफर्स डोळ्यांपुढे ठेवूनच.

पहिला फरक पाण्याचा आहे. वेफर्ससाठी बटाट्यात शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, २० टक्क्यांहून अधिक असावे लागतात, कारण तळताना पाणी उडून जाते आणि त्या जागी तेल शिरते. चिप्सोना ही अट सहसा पूर्ण करतो, ज्योती बहुधा तिच्या अलीकडेच राहतो. म्हणूनच उकडल्यावर चिप्सोना पिठूळ लागतो आणि ज्योतीच्या फोडी रश्श्यात अखंड राहतात. भाजीसाठी मी ज्योतीच घेईन.

दुसरा फरक साखरेचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करांची तापलेल्या तेलात अमिनो आम्लांशी अभिक्रिया होऊन काप तपकिरी व कडवट होतात, म्हणून १०० ग्रॅम ताज्या बटाट्यात त्या १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असाव्या लागतात. चिप्सोनात त्या मुळात कमी असतात. पण २ ते ४ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात कोणत्याही बटाट्यातील स्टार्चची साखर होऊ लागते, आणि तिथे महिनोन्‌महिने राहिलेला चिप्सोनाही तळल्यावर काळवंडतो. त्यामुळे वेफर्सचा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात. त्या उबेत कोंब फुटू नयेत म्हणून कोंबरोधक वापरावे लागते. वाण योग्य निवडून साठवण चुकली, तर निवडीचा सारा लाभ वाया जातो.

घरी पारख करायची असेल तर एक लिटर पाण्यात सुमारे १२५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर त्यात शुष्क पदार्थ पुरेसे आहेत, तरंगला तर पाणी जास्त आहे. साखर मात्र या पाण्यात कळत नाही. त्यासाठी एक पातळ काप तळून त्याचा रंगच पाहावा लागतो.