एकच इंजिन म्हणजे एकच गेम? खुलासा

इंदूरच्या आमच्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतो आहे : "हाफ-लाइफ हा क्वेकचाच मॉड. इंजिन एक, म्हणजे गेमही एकच." (हाफ-लाइफ आणि क्वेक हे दोन कॉम्प्युटर गेम. मॉड म्हणजे आधीच्या गेमवर चढवलेला बदल.)

असं वाटणं साहजिक आहे. एका इंजिनवरच्या गेममध्ये पात्राची चाल बरेचदा ओळखीची वाटते. पण इंजिन म्हणजे भट्टी. पडद्यावर चित्र उमटवणं, धडक ओळखणं, आवाज वाजवणं ही कामं त्याची. त्याच भट्टीवर पोहे वाफवले आणि मग जिलेबी तळली, तर जिलेबी पोह्यांचा प्रकार ठरत नाही. मॉड मात्र जिरावण या इंदुरी मसाल्यासारखा, पोह्यांवरच भुरभुरायचा. (नुसतं जिरावण आमचा धाकटाच खातो, ते सोडा.)

हाफ-लाइफ १९९८ मध्ये आला. क्वेकच्या इंजिनचा रीतसर परवाना घेऊन त्यात पुष्कळ बदल केलेले. कथा, नकाशे, पात्रं स्वतःची. तो खेळायला क्वेक लागत नाही. उलट १९९९ चा काउंटर-स्ट्राइक खरोखरच हाफ-लाइफचा मॉड होता. २००० मध्ये तो स्वतंत्र विकला जाऊ लागला. गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं : मॉडचा पुढे गेम होऊ शकतो.

तपासायचं असेल तर मूळ गेम नसलेल्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. मॉड मूळ गेमच्या फाइली मागतो आणि अडतो. फोल्डरच्या नावावर मात्र जाऊ नका. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून काउंटर-स्ट्राइक वेगळा घेतला, तरी तो हाफ-लाइफच्याच फोल्डरात जाऊन बसतो.