युद्धकादंबरीतील प्राणिप्रतीके (खानदेशच्या संदर्भात)

युद्धावरील कादंबरीत एखादे जनावर, पाखरू किंवा कीटक कथेतल्या आपल्या कामापलीकडचा अर्थ देऊ लागला, की त्याला प्राणिप्रतीक म्हणतात. युद्ध कशासाठी चालले आहे हे जनावराला ठाऊक नसते. बाजूही त्याने निवडलेली नसते. त्यामुळे त्याच्या हालांना हौतात्म्य म्हणता येत नाही, आणि युद्धविरोधी लेखकाला नेमके हेच हवे असते.

या तंत्राचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे एरिख मारिया रेमार्क यांची पहिल्या महायुद्धावरील ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९२९) ही मूळ जर्मन कादंबरी. तिच्यात तोफगोळ्यांनी जखमी झालेले घोडे किंचाळत राहतात. डेटरिंग हा शेतकरी सैनिक त्यांना गोळी घालून मोकळे करा म्हणून ओरडतो. पण आधी जखमी माणसे उचलायची असल्याने घोड्यांना थांबावे लागते. घोड्यांना युद्धात ओढणे यासारखा नीचपणा नाही, असे तो म्हणतो. खंदकातले उंदीर प्रेतांवर माजलेले आहेत. सैनिक पावाचे तुकडे मधोमध ठेवून दबा धरतात आणि उंदीर जमले की फावड्यांनी झोडपतात. भूक दोन्हीकडे सारखीच असल्याने या प्रसंगात किळसेपेक्षा ओळख अधिक आहे. फुलपाखराचे प्रतीक मात्र लेखकाने फार हळुवार हाताळले आहे : नायक पॉलच्या घरी फुलपाखरांची पेटी आहे, आणि आघाडीवर दोन फुलपाखरे एका कवटीच्या दातांवर येऊन बसतात. रेमार्क दोन्हींची सांगड घालून देत नाहीत, हे त्यांचे कसब.

खानदेशातील वाचकाला डेटरिंग परका वाटण्याचे कारण नाही. पोळ्याला बैलाची खांदेमळणी करणाऱ्या घरात जनावराचा आवाज ओळखता येतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला (जि. नंदुरबार) दत्तजयंतीपासून भरणाऱ्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार असतो. तिथे दात, चाल, अंगावरचे केसांचे भोवरे, देवमण (शुभ मानलेला असाच एक भोवरा) पाहून घोडा पारखतात. मराठी ऐतिहासिक कादंबरीतला घोडा या पारखीला सहसा उतरत नाही. तो उधळतो, टापांनी धूळ उडवतो, पण त्याला दाणा-वैरण लागते याचा लेखकाला विसर पडतो. खाणे नसलेला घोडा प्रतीक म्हणूनही पोकळच राहतो.

पानिपतचा (१७६१) विषय याला अपवाद ठरू शकतो, कारण तिथे उपासमार हाच इतिहास आहे. वेढ्यात चारा संपून छावणीतली जनावरे मेली. विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असे सांगितले जाते. कादंबरीकाराला आयते मिळालेले इतके मोठे प्रतीक मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

बैलाकडे मात्र युद्धकादंबरीचे दुर्लक्षच झाले आहे. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या फौजांचा जुना रस्ता बऱ्हाणपूरवरून, म्हणजे मोगलकालीन खानदेश सुभ्याच्या राजधानीवरून जाई. या फौजांना धान्य पुरवण्याचे काम बंजारा तांड्यांच्या लदेणीने, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या धंद्याने केले. पाठीवर गोण्या घेतलेले शेकडो बैल मागे नसते, तर घोडदळाचे शौर्य चार दिवसांत आटले असते. लढाईचे वर्णन आघाडीपुरतेच ठेवण्याच्या सवयीमुळे हे जनावर पानावर येत नाही.

वाघाच्या बाबतीत खानदेशात दोन परंपरा समोरासमोर येतात. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ पासून भिल्लांची पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. वाघाच्या शिकारींतून त्याने भिल्लांवर छाप पाडली, असे त्याचे इंग्रज चरित्रकार सांगतात. त्या लेखनात मेलेला वाघ म्हणजे साहेबाच्या मर्दुमकीचा पुरावा. डोंगरातल्या आदिवासींसाठी मात्र तो वाघदेव आहे. लाकडावर किंवा दगडावर त्याला कोरतात, शेंदूर फासतात, आणि वाघबारसेला गुराखी त्याची पूजा करून गुरांची राखण मागतात. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक व भीमा नाईक यांनी उठाव केला आणि १८५८ मध्ये आंबापाणीला लढाई झाली. या घटनांवर कादंबरी लिहिणाऱ्याने भिल्ल वीराला सवयीने ‘वाघासारखा’ म्हटले, तर ती उपमा साहेबाच्या मचाणावरून आलेली असण्याचा संभव जास्त. वाघदेवाला नवस बोलणारा माणूस स्वतःला वाघ म्हणवून घेईलच असे नाही.