टेलिस्कोप घेतलात, आता वृश्चिकेत काय बघाल?

आमच्याकडून १३० मिमी आरशाचा छोटा किंवा ८ इंची डॉब (साध्या लाकडी बैठकीवरचा मोठा आरशाचा टेलिस्कोप) घेऊन गेलेल्यांचे एप्रिल-मे मध्ये फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, चंद्र झाला, ग्रह झाले, आता पुढे काय? तोवर कुणीतरी नेटवरून पन्नास ऑब्जेक्टची यादी काढलेली असते, प्रतीप्रमाणे लावलेली (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितकं ते तेजस्वी), आणि वरून एकेक टिक करत जायचं असा बेत असतो. तसं करू नका. एकच रास घ्या, वृश्चिक, आणि त्यातलं काय बघायचं ते प्रतीच्या आकड्यावरून नाही तर तुमच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) काय मावतं आणि तुमचं आकाश किती काळं आहे यावरून ठरवा.

वृश्चिकच का, तर ही रास आपल्या वाट्याला फार छान आलीये. एम ७ हा ताऱ्यांचा गुच्छ मेसियरच्या यादीत ("एम" त्यावरूनच) सगळ्यात दक्षिणेकडचा, लंडनहून तो क्षितिजाच्या जेमतेम ४ अंश वर येतो, म्हणजे समोरच्या घराच्या मागेच गेला, आणि पुण्यातून तोच साधारण ३७ अंशांवर असतो. शेपटीच्या वळणावरचा एनजीसी ६२३१ हा गुच्छ (एनजीसी ही दुसरी, मोठी यादी) तर लंडनला कधी उगवतच नाही. परदेशी पुस्तकात "दिसायला अवघड" लिहिलं असेल ते आपल्याला लागू नाही.

आधी एक किस्सा. मागे एका ग्राहकाचा रात्री साडेबाराला फोन आला, आवाजात चक्क वैताग, "अहो फोकसचा स्क्रू ढिला आहे का, बाकी सगळे तारे टोकदार होतायत आणि एक मेला होतच नाहीये, कितीही फिरवा कापूसच." विचारलं कुठे लावलाय, तर ज्येष्ठा (विंचवाचा तो ठळक केशरी तारा) आणि विंचवाच्या डोक्याकडचा बीटा तारा यांच्या साधारण मधे. म्हटलं स्क्रू ठीक आहे, तुम्हाला न शोधता एम ८० सापडलाय, तो तारा नाही, ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे. आणि हे ते शहराच्या कडेला, सोसायटीच्या गच्चीवरून बघत होते.

यातच सगळं आलं बघा. एम ४ हाही तसाच गोल गुच्छ, त्याची प्रत साडेपाच-सहाच्या आसपास आणि एम ८० ची सव्वासातच्या पुढे, म्हणजे यादीप्रमाणे एम ४ बराच सोपा, शिवाय तो ज्येष्ठाच्या पश्चिमेला फक्त सव्वा अंशावर, सापडायला काहीच त्रास नाही. पण तो आकड्यातला सगळा उजेड जवळजवळ चंद्राएवढ्या जागेवर पसरलेला, गच्चीवरच्या पिवळट आकाशात तो विरघळून जातो आणि माणूस म्हणतो टेलिस्कोप खराब. एम ८० लहान पण गच्च, त्यामुळे शहरातूनही निभावतो. (१८६० च्या मे महिन्यात याच गुच्छात एक नवतारा फुटला होता आणि काही दिवस तो एकटाच आख्ख्या गुच्छाला भारी पडला.) तेव्हा गच्चीवर असाल तर एम ८०, आणि पानशेत, भंडारदरा अशा बाजूला गेलात तर एम ४. तिथे मात्र घाई नको. ज्येष्ठाला फील्डच्या (आयपीसमधून दिसणाऱ्या गोलाच्या) बाहेर ढकला, तिचा केशरी झगमगाट गेला की डोळा निवतो, मग थेट न बघता जरा तिरकं बघा, पाच-सात मिनिटांनी धुक्यातून बारीक तारे सुटे व्हायला लागतात आणि मधोमध ताऱ्यांची एक सरळ ओळ दिसते, भांग पाडल्यासारखी. ८ इंचीत १०० पटीच्या आसपास ती छान दिसते.

आता नांगीकडे या. मूळ नक्षत्राचे ते दोन जवळजवळचे तारे दक्षिणेला आले की त्यांच्या वर साधारण तीन बोटांवर एम ६ आणि डावीकडे किंचित वर एम ७, अंधाऱ्या जागी दोन्ही नुसत्या डोळ्यांनी पुसटसे दिसतात. टॉलेमीने एम ७ ची नोंद इसवी सन १३० च्या सुमारास केली होती, टेलिस्कोपशिवाय अर्थातच. इथे मोठा टेलिस्कोपवाला हरतो. एम ७ जवळपास १.३ अंश पसरलाय, १२०० मिमी फोकल लेंग्थच्या ८ इंची डॉबला २५ मिमीचा आयपीस लावला तर फील्ड मिळतं १ अंश, म्हणजे गुच्छाच्या आत उभे राहून गुच्छ कुठाय विचारल्यासारखं. १३० मिमीच्या ६५० फोकल लेंग्थवर तोच आयपीस जवळजवळ २ अंश दाखवतो आणि सगळं आजूबाजूच्या काळोखासकट मावतं. आमच्याकडे येऊन मोठा घेऊ की छोटा विचारणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो, मग धंदा कमी झाला तरी चालेल. एम ६ दोन्हीत मावतो, पंख पसरलेलं फुलपाखरू म्हणतात, आणि एका पंखाच्या टोकाला एकच केशरी तारा, बाकी सगळे निळसर. तो शोधाच.

एक गोंधळ नेहमी होतो. नेटवर बटरफ्लाय शोधलं की हबलचा २००९ चा तो भन्नाट रंगीत फोटो येतो, तो एम ६ नाही, तो एनजीसी ६३०२, मरणाऱ्या ताऱ्याने उधळलेला वायू. तोही वृश्चिकेतच आहे, मूळच्या मोठ्या ताऱ्यापासून सरळ पश्चिमेला ४ अंश. आकाराने बारका पण उजेड एकवटलेला, म्हणून पॉवर वाढवायला घाबरू नका, १० चा आयपीस लावा, लांबट राखाडी डाग दिसेल. रंग नाही दिसणार. रंग कॅमेऱ्याला दिसतात. ज्येष्ठाच्या आसपासचे ते निळे-पिवळे ढग तर फोटोतच बघा, त्यांच्यामागे रात्र घालवू नका.

एनजीसी ६२३१ साठी दक्षिण क्षितिज मोकळं हवं, पुण्यातून तो फार तर ३० अंशांवर जातो. शेपटी जिथे डावीकडे वळते तिथे झीटा नावाची जोडी आहे, एक केशरी एक निळा, खरी जोडी नाही, नुसते एका रेषेत आलेले, आणि त्यांच्या अर्ध्या अंशावर मूठभर हिरेकणी. माझं मत विचाराल तर पूर्ण राशीत हा सगळ्यात सुंदर. दीर्घिका मात्र शोधू नका, आकाशगंगेच्या धुळीने पलीकडचं सगळं झाकलंय.

वेळेचं सांगतो. मे च्या मध्यावर ज्येष्ठा रात्री दीडच्या सुमाराला सगळ्यात वर येते, नांगी त्यानंतर तास-सव्वा तासाने. त्यामुळे दहालाच लावून "काही दिसत नाही" म्हणू नका. थांबायचंच आहे तर साडेदहाच्या आसपास ओमेगा सेंटॉरी हा मोठा गोल गुच्छ दक्षिणेला असतो तो उरकून घ्या. मार्चमध्ये हेच सगळं पहाटे पाच-साडेपाचला दिसतं आणि हवाही गार असते. उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्यावरून उठणाऱ्या हवेने तारे थरथरतात, म्हणून डॉब मातीवर किंवा गवतावर ठेवा आणि निदान अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा.

जूनमध्ये ढग आले की खेळ संपला. आयपीस सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट डब्यात ठेवा, दरवर्षी बुरशी आलेले आयपीस येतात आमच्याकडे आणि ते काही पूर्ण साफ होत नाहीत. मे मध्ये राहून गेलं असेल तर ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातला नैर्ऋत्येला बघा, पावसाने धुतलेली हवा असते आणि एम ७ तेव्हाही २५ अंशांच्या आसपास असतो, पुढे तासभर वेळ मिळतो.